सात पुस्तकं जास्तीची

आमच्या फळीवर दोन शास्त्रं होती.
पपांचं बारीक, आईचं जाड.
सात पुस्तकं जास्तीची, आई सांगायची,
जसं कुणी सांगावं, माझ्या माहेरी सात खोल्या जास्त.
मागाहून चढवलेल्या, पपा म्हणायचे.

पपा सदरच्या मिशन प्रेसमध्ये बाइंडर.
लग्नाआधी मोहननगरच्या फादरनी कागद पुढे केला :
होणारी मुलं आमच्या पंथात वाढतील.
पपांनी विचारलं, हे शास्त्रात कुठे आहे, दाखवा.
फादर हसले म्हणे. पंखा फिरत राहिला.
मग पपांनी सही केली,
आणि खळ लागलेल्या बोटाचा डाग
अजून तिथल्या कपाटात असेल,
माझ्या नावाच्या आधीचा.

एक रविवार तिच्या देवळात, एक त्यांच्या.
मिस्साला सगळे भाकरीसाठी उठत
तेव्हा पपा बाकावरच,
गुडघे बाजूला घेऊन लोकांना वाट देत.
त्यांच्याकडे प्रभुभोजनाचं ताट आलं
की आई ते तसंच पुढे सरकवी,
पंगतीत उपासवाली बाई करते तसं.
एकतीस वर्षं.
घरी मात्र रस्सा एकाच ताटात.

भांडणं मे महिन्यात, कूलर भरताना,
कारण तेव्हा दोघांना एकाच जागी उभं राहावं लागे.
"तारण कृपेनं," पपा मोटरच्या वर आवाज काढत,
"कमवता येत नाही, रेजिना,
तो काय प्रेसचा पगार आहे?"
"कृपाच होय, मले मान्य हाय.
पण फुकट भेटली म्हणून चादर धुवाची नाही काय?"
"आणि तुमचा तो, कधी न चुकणारा?"
"तो खुर्चीवर बसून शिकवीन तवाच चुकत नाही.
तुमी तर, शांतवन, उभ्यानं बी चुकत नाही."

एकदा तिनं पाइप खाली ठेवला.
"शास्त्र तेवढं प्रमाण, बरं.
मंग कोणती पानं घ्याची, कोणती नाही,
हे ठरवलं कोणं?
तुमी बाइंडर हाय. पानं आपोआप शिवल्या जातात काय?"
पपांकडे उत्तर होतं, लांबलचक.
पण टाकी भरून वाहायला लागली होती.

आई मार्चमध्ये गेली.
ती प्रभूजवळ आहे, पपा म्हणाले,
निकाल लागल्यावर अर्ज कशाला?
मोहननगरच्या बायका जपमाळा घेऊन आल्या
तेव्हा पपांनी चौदा कप चहा केला
आणि आत जाऊन बसले.

जुलैत तिच्या शास्त्राचा कणा सुटला.
पपांनी ते उसवलं,
फर्मा फर्मा पलंगभर मांडला.
त्यांना वाटायचं, ती सात शेवटी डकवलेली असतील,
पुरवणीसारखी.
ती मधेच होती. बाकीच्यांत मिसळून,
एकाच दोऱ्यात.
वगळली असती तर
कुणाला कळलं असतं?

रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले.
चष्मा कपाळावर, पान डोळ्यांशी.
एका ओळीखाली तिची पेन्सिल, दोनदा ओढलेली :
मेलेल्यांसाठी मागणं मागावं, असं काहीसं.
"हे माझ्यात नाही," पपा म्हणाले.
शास्त्रात, की आणखी कशात,
मी विचारलं नाही.
सकाळी सगळे फर्मे शिवून झाले होते.
पुठ्ठा वाळत होता, वर पाटा ठेवून.

दोन नोव्हेंबर. जरीपटक्याचं कबरस्तान.
झेंडू, मेण, पोरांची पळापळ,
फाटकाशी कुणी हिरवी संत्री विकतंय.
मी मेणबत्ती लावली. विझली.
पुन्हा लावली. कामठी रोडकडून वारा.
चौथ्यांदा पपा उकिडवे बसले,
गुडघा कटकन वाजला,
दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले.
ओठ हलत होते.
मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.
"प्रार्थना नाही हं," म्हणाले,
"वारा अडवून राहिलो फक्त."